हृदयाचे ठोके चुकतात: ॲब्लेशन करायचं की नाही, हे कसं ठरवावं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी ३१ वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. व्होल्टेज पडलं की पॅनेलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेनं ओढला जाणारा मोठा स्विच, धड ओढून धरत नाही आणि धड सोडतही नाही, नुसता टर्रर्र करत थरथरत राहतो. निवृत्त झालो त्याच वर्षी, २०१९ च्या जुलैत, येळ्ळूरच्या शेतात भाताची रोप लावण चालू होती आणि चिखलात वाकलेला असतानाच माझ्या छातीत नेमकं तेच सुरू झालं. बायकोनं मनगट धरलं. म्हणाली, "अहो, दोन ठोके पळतात, एक लागतच नाही, परत तीन पळतात."

त्या दिवसापासून प्रत्यक्ष ॲब्लेशन, म्हणजे ठोके बिघडवणारी हृदयातली वाट आतून तारेनं जाळून किंवा गोठवून तोडणं, होईपर्यंत साडेतीन वर्षं गेली. मधला काही काळ कोरोनानं खाल्ला, पण बराचसा काळ मी चुकीचे प्रश्न विचारण्यात घालवला. आता गावात "हार्टला करंट देऊन आलाय" असं माझं नाव झालंय, त्यामुळे येळ्ळूर, सुळगा, धामणे, अगदी खानापूरपासून माणसं फाईल घेऊन दारात येतात. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, ते मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही माझ्याकडून घेऊ नका. पण डॉक्टरांसमोर बसण्याआधी घरी काय काय करून जायचं, हे मी सांगू शकतो. प्रत्येकाला तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून काढतोय.

आधी आजाराचं नाव मिळवा

"ठोके चुकतात" ही तक्रार झाली, आजार नव्हे. मशीन बंद पडलं एवढं ऐकून मी कधी पॅनेल उघडलं नाही. इथंही तसंच आहे.

माझी भाची खानापूरला असते, २६ वर्षांची. तिचं हृदय अचानक मिनिटाला १९० नं पळायचं, पण अगदी एका तालात, आणि बटण दाबल्यासारखं अचानक थांबायचं. तिच्या कागदावर एसव्हीटी निघालं. त्यात जन्मजात असलेली एक जादा वाट असते, करंट त्या वाटेनं गोल फिरत बसतो. ती वाट जाळली की बहुतेकांचं काम कायमचं होतं. नेहमीच्या प्रकारात यश शंभरात ९५ च्या आसपास. तिचा निर्णय दहा मिनिटांत झाला, तो बरोबरही होता. पण "भाचीचं एका दिवसात झालं, माझंही होईल" असं धरून मी चाललो होतो, ते चुकीचं होतं. नाव एकच, ॲब्लेशन, पण आजार वेगळा आणि यशाचा आकडा वेगळा.

कुणाचे नुसते जादा ठोके असतात, एक्टोपिक म्हणतात. हृदय बाकी धड असेल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी. कुणाला फ्लटर असतो, म्हणजे वरच्या कप्प्याची वेगवान पण तालातली फडफड, त्यात ॲब्लेशन चांगलं लागू पडतं. माझं होतं एट्रियल फिब्रिलेशन, सगळे एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावण्याऐवजी मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात, आणि खाली जाणारे ठोके कसलाच ताल न धरता जातात. हा लेख मुख्यतः एएफबद्दल आहे.

नाव मिळण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: ठोके चुकत असतानाच ईसीजी. माझे पहिले चार ईसीजी नॉर्मल आले, कारण मी बेळगावात पोचेपर्यंत सगळं शांत व्हायचं. पाचव्या वेळी जवळच्याच दवाखान्यात धावत गेलो आणि म्हटलं, बाकी काही नको, आधी पट्टी काढा. पकडला गेला. हे जमत नसेल तर २४ तासांचं किंवा जास्त दिवसांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं मशीन, लावतात. काही घड्याळांत ईसीजी निघतो, तोही डॉक्टरांना दाखवायला उपयोगी. घड्याळानं नुसतं "अनियमित" म्हटलं म्हणजे मात्र निदान झालं नाही.

आणि एक काम त्याच दिवशी करा. ईसीजीची पट्टी उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असते, कालांतरानं पुसट होते. झेरॉक्स काढून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. लॅमिनेशन चुकूनही करू नका, गरम रोलरनं अख्खा कागद काळा पडतो. माझ्या ओळखीच्या एकाचा एकुलता एक पुरावा असाच गेला.

नावाबरोबर आणखी दोन गोष्टी कागदावर हव्यात. एक, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, त्यात दिसतं की झडपा कशा आहेत आणि डावा वरचा कप्पा किती फुगलाय. दोन, थायरॉइडची तपासणी. थायरॉइड वाढलेला असेल तर एएफ होऊ शकतो, आणि आधी इलाज त्याचाच.

झडपेचं मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे लहानपणी सांधेताप येऊन झडप आकसलेली माणसं अजून पुष्कळ आहेत, त्यातही बायका जास्त. माझ्या थोरल्या वहिनींचं तेच निघालं. मायट्रल झडप बरीच आकसलेली असेल तर प्रश्न आधी झडपेचा, फुग्यानं उघडायची की बदलायची याचा. अशा माणसांना रक्त पातळ करायची नवी गोळीही चालत नाही. २०२२ साली सांधेतापाच्या हृदयरोग्यांवरचा इन्व्हिक्टस नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात रिवारोक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुनी वॉरफरिनच्या जातीची गोळीच सरस ठरली. तेव्हा शेजारणीला चालते ती गोळी वहिनींना चालेल असं नाही.

दोन निर्णय आहेत, एक नाही

हे नीट वाचा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

धामण्याचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. म्हणाले, "दादा, ते एकदा करून टाकतो आणि ती रक्त पातळ करायची गोळी बंद करतो. रोज रोज कोण घेणार?" चार वर्षांपूर्वी मीही शब्दशः हेच म्हणत होतो.

एएफमध्ये दोन वेगळ्या गोष्टी चालू असतात. पहिली, लकव्याचा धोका. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा नुसता थरथरतो तेव्हा त्या पिशवीत रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. एएफ असलेल्याला हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. दुसरी गोष्ट म्हणजे त्रास: धडधड, दम, थकवा, चक्कर. पहिलीवर इलाज रक्त पातळ करायच्या गोळीचा. ॲब्लेशन हा दुसरीवरचा इलाज. ॲब्लेशन झालं म्हणून पहिली गोष्ट आपोआप मिटत नाही.

गोळी लागते की नाही हे गुणांवर ठरतं, तुमच्या धडधडीवर नाही. हृदय कमजोर असेल तर १, ब्लडप्रेशर असेल तर १, साखर असेल तर १, पूर्वी हार्ट अटॅक किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार झाला असेल तर १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ च्या पुढे २, आणि आधी लकवा झाला असेल तर २. पूर्वी स्त्री असण्याचा १ गुण धरायचे. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शनात तो काढून टाकलाय. दोन किंवा जास्त झाले की गोळी घ्यायलाच सांगतात, एक असेल तर डॉक्टर तुमच्याशी बोलून ठरवतात. मला बीपीही आहे आणि साखरही. माझे दोन. ॲब्लेशन होऊन अडीच वर्षं झाली, ठोके जागेवर आहेत, आणि मी आजही सकाळ-संध्याकाळ गोळी घेतो. ६५ पूर्ण झाली की आणखी एक गुण वाढेल.

गुण शून्य असलेल्या तरुण माणसालाही ॲब्लेशननंतर निदान दोन-तीन महिने गोळी चालू ठेवावीच लागते. त्यामुळे गोळीला कंटाळून कुणी ॲब्लेशनला निघाला असेल तर त्याला मी तिथंच थांबवतो. धामण्याच्या त्या गृहस्थांना त्रास जवळपास नव्हताच. त्यांचा खरा प्रश्न गोळीच्या खर्चाचा होता. त्यावर डॉक्टरांशी बोलून स्वस्तातला पर्याय निघाला.

गोळी चालू असताना आपल्याकडची एक सवय मात्र सोडावीच लागते. कंबर धरली, गुडघा दुखला की मेडिकलमधून डायक्लो किंवा आयब्रुफेन घेऊन खायची. गोळीबरोबर ती पोटात रक्तस्राव करू शकते. मी शेतातून आलो की पूर्वी ती घ्यायचोच. आता गरम पाण्याचा शेक घेतो, आणि फारच झालं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. ज्यांना ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन ही जुन्या जातीची गोळी आहे त्यांना कुणीतरी सांगतं, पालेभाजी बंद करा. बंद करायची नसते. रोज साधारण सारखीच खायची आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, वेळेवर तपासायचा.

वही घाला

डॉक्टर विचारतात, "त्रास कितपत होतो?" आणि आपण म्हणतो, "होतो की." यातून कुणालाच काही कळत नाही. मी दोनशे पानी वही घातली. तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता थांबलं, तेव्हा काय करत होतो, आदल्या रात्री झोप किती, जेवण काय, नाडी किती. नाडी मोजायची तर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एएफमध्ये आकडा हमखास चुकतो. घरचं बीपीचं मशीनही या वेळी गोंधळतं. तीनदा बघा आणि तिन्ही आकडे लिहा.

तीन महिन्यांनी वही उलगडली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक, माझे झटके आठवड्यातून दोनदा यायचे, चार ते नऊ तास राहायचे आणि आपोआप थांबायचे. सात दिवसांच्या आत आपोआप थांबतो त्याला येऊनजाऊन असणारा, पॅरॉक्सिस्मल म्हणतात. सात दिवसांच्या पुढे टिकला तर पर्सिस्टंट. ॲब्लेशनचं यश या फरकावर खूप अवलंबून असतं. दुसरी गोष्ट, अर्ध्याहून जास्त झटके लग्न-जत्रेच्या दुसऱ्या दिवशी किंवा रात्री झोप न झालेल्या दिवशी आलेले होते.

वहीच्या मागच्या पानावर मी आणखी एक यादी केली: या आजारानं माझ्याकडून काय काय नेलं. राजहंसगडाची चढण मी न थांबता चढायचो, आता तीनदा बसावं लागतं. रताळ्याची पोती गाडीत चढवायचं बंद झालं. नातवाला घेऊन एकटा बाहेर जायला भीती वाटते. गणपतीत आरतीला उभा राहिलो की घाम फुटतो. ती यादी लिहिताना मला रडू आलं, कारण तोवर मी सगळ्यांना "बरा आहे" म्हणूनच सांगत होतो. तुम्हीही लिहा. यादी लांब असेल तर ॲब्लेशनचा विचार गंभीरपणे करण्यासारखा आहे. पान कोरं राहिलं तर घाई कशाची आहे, हे आधी स्वतःला विचारा. फक्त एक बघा, की तो थकवा आजाराचा आहे की ठोके आवरायच्या गोळीचा. मला मेटोप्रोलॉलचा डोस जास्त झाला होता. तो निम्मा केल्यावर यादीतल्या दोन ओळी आपोआप खोडल्या गेल्या.

एक अपवाद ठळक सांगतो. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असेल आणि सोबत एएफ असेल, तर त्रास किती हा एकच निकष पुरत नाही. तिथं ॲब्लेशननं जीव वाचवण्याचा फायदाही दिसलाय. २०१८ चा कॅसल-एएफ नावाचा ३६३ रुग्णांचा अभ्यास याच लोकांवरचा होता. पंपिंग कमी आहे असं इकोत लिहिलं असेल तर वही पूर्ण होण्याची वाट बघू नका, लगेच दाखवा.

हातातल्या गोष्टी आधी

माझं वजन ८४ किलो होतं. घोरणं इतकं, की बायको मधल्या खोलीत झोपायची. रविवारी भावकीत बसलं की दोन पेग ठरलेले.

डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, वायरिंग दुरुस्त करून देतो, पण ओल तशीच राहिली तर पुन्हा शॉर्ट होईल. हे माझ्या धंद्यातलं बोलणं होतं, लगेच पटलं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडमध्ये लठ्ठ एएफ रुग्णांवर लेगसी नावाचा अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून ज्यांनी टिकवलं, त्यांची एएफपासून मोकळं राहण्याची शक्यता इतरांच्या सहापट होती. दारूवरही ऑस्ट्रेलियातच १४० माणसांवर चाचणी झाली, २०२० साली छापून आली. पीत राहिलेल्या गटात ७३ टक्क्यांना पुन्हा एएफ आला, सोडायला सांगितलेल्या गटात ५३ टक्क्यांना. मी दारू पूर्ण सोडली. पहिल्या जत्रेला भाऊ रागावला, दुसऱ्या जत्रेला त्यानंच ग्लासात सोलकढी ओतून दिली. वजन दहा महिन्यांत ७५ वर आलं: भात निम्मा, रात्री सातच्या आत जेवण, सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं तासभर चालणं. झोपेची तपासणी केली, त्यात श्वास अडकतो असं निघालं, त्यावर मशीन लागलं.

झटके आठवड्यातून दोनदा यायचे ते महिन्यातून तीनदा झाले. काहींचं एवढ्यावरच भागतं आणि ॲब्लेशनची वेळच येत नाही. माझं भागलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, याचा फायदा ॲब्लेशन टिकायलाही होईल. म्हणून सांगतो, त्रास असह्य नसेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील, तर हे सहा महिने वाया गेले असं समजू नका. पण उगाच वर्षानुवर्षंही ढकलू नका. जितका काळ एएफ राहतो तितका वरचा कप्पा फुगत जातो आणि ठोका जागेवर आणणं अवघड होत जातं. २०२० साली ईस्ट नावाचा २,७८९ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात निदानानंतर वर्षभराच्या आत ताल परत आणण्याचे इलाज ज्यांना मिळाले, त्यांच्यात हृदयामुळे होणारे मृत्यू, लकवा असल्या घटना कमी झाल्या. त्यातल्या बहुतेकांना इलाज गोळ्यांचाच होता, हेही लक्षात घ्या.

करतात काय, आणि कितपत यश

१९९८ साली फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या मिशेल हाइसागेर या डॉक्टरांच्या चमूनं दाखवून दिलं, की एएफ पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांतून उडतात. तपासलेल्या ६९ जागांपैकी ९४ टक्के तिथल्या होत्या. आजचं ॲब्लेशन त्याच शोधावर उभं आहे. जांघेतल्या शिरेतून तारा आत नेतात, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डाव्या कप्प्यात जातात, आणि त्या चार शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कडं करतात. उष्णतेनं जाळून, थंडीनं गोठवून, किंवा आता नव्या पद्धतीनं विजेचे क्षणिक झटके देऊन. ठिणगी विझत नाही; ती उडत राहते, पण लाइन तोडलेली असल्यानं बाहेर पोचत नाही. छाती उघडत नाहीत. साधारण दोन ते चार तास लागतात. आधी अन्ननलिकेतून इको किंवा दुसरी तपासणी करून पिशवीत गुठळी नाही ना, हे बघतात. असेल तर तो दिवस रद्द.

यश: येऊनजाऊन असणाऱ्या प्रकारात वर्षभरानं शंभरातले साधारण ७० मोकळे असतात, सात दिवसांच्या पुढे टिकणाऱ्या प्रकारात त्याहून कमी. बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा करावं लागतं. म्हणून पैशाचा आणि मनाचा हिशोब पहिल्यापासून दीड वेळेचा धरा.

आणि आयुष्य वाढतं का? मी हाच प्रश्न विचारला होता. २०१९ साली कबाना नावाचा २,२०४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मृत्यू, लकवा, मोठा रक्तस्राव, हृदय बंद पडणं या सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर ॲब्लेशन आणि गोळ्या यांच्यात ठाम फरक निघाला नाही. गोळ्यांच्या गटातल्या बऱ्याच जणांनी पुढं ॲब्लेशन करून घेतलं, त्यामुळे त्या निकालावर अजून वाद चालतात. पण त्रास कमी होणं आणि जगणं सुसह्य होणं यात ॲब्लेशन स्पष्ट पुढं होतं. पंपिंग चांगलं असलेल्या माझ्यासारख्याला मिळतं ते हे. राजहंसगड परत मिळतो, त्यासाठी करायचं की नाही, एवढाच सवाल.

धोकेही सांगतो, पोटात ठेवून उपयोग नाही. जांघेत रक्त साकळणं सगळ्यांत जास्त दिसतं. मला गुडघ्यापर्यंत काळंनिळं झालं होतं, तीन आठवड्यांत गेलं. हृदयाभोवती रक्त साचणं, हे शंभरात एकाच्या आसपास, पण जिवावरचं. तत्काळ सुई घालून काढावं लागतं, क्वचित ऑपरेशन. लकवा शंभरात एकाहून कमी. मृत्यू फार विरळ, पण शून्य नाही. आणि एक अत्यंत दुर्मीळ पण भयंकर गोष्ट: हृदयाच्या मागेच अन्ननलिका असते, तिला इजा होऊन काही आठवड्यांनी भोक पडू शकतं. घरी गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, रक्ताची उलटी किंवा तोंड-हात वाकडा होणं, यातलं काहीही झालं तर गावातल्या डॉक्टरकडून तापाचं इंजेक्शन घेऊन झोपू नका. त्याच दिवशी ॲब्लेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य "माझं ॲब्लेशन झालंय" हे, आणि हे सांगितल्याशिवाय पोटात दुर्बीण घालू देऊ नका. आम्ही सीमाभागातली माणसं पुण्याला, बेंगळुरूला जाऊन करून येतो आणि घरी असतो तीनशे-पाचशे किलोमीटर लांब, म्हणून हे मी प्रत्येकाच्या फाईलवर लाल पेनानं लिहून देतो.

कुठं, कुणाकडून, किती पैशात

एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "उद्या स्लॉट आहे, आज ॲडव्हान्स भरा." वही कुणी उघडलीसुद्धा नाही. मी उठून आलो. येऊनजाऊन असणाऱ्या एएफमध्ये, माणूस स्थिर असताना, आजच्या आज ठरवण्यासारखं काही नसतं. तुमच्यावर अशी घाई लादली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

हे काम हृदयाच्या विजेचे डॉक्टर करतात, इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट. अँजिओप्लास्टीचा अनुभव म्हणजे याचा अनुभव नव्हे. मी एका कागदावर प्रश्न लिहून नेले होते आणि उत्तरं तिथंच लिहून घेतली. तुम्ही स्वतः वर्षाला एएफची किती ॲब्लेशन करता? माझ्या प्रकारात, माझ्या कप्प्याच्या मापात, गोळ्यांशिवाय वर्षभरानं मोकळा राहण्याची शक्यता किती? हृदयाभोवती रक्त साचलं तर इथं रात्री सर्जन आहे का? दुसऱ्यांदा लागलं तर खर्च किती? घरी गेल्यावर रात्री दोनला फोन कुणी उचलेल? जे डॉक्टर या प्रश्नांवर वैतागले नाहीत, उलट शेवटच्या प्रश्नावर स्वतःचा नंबर लिहून दिला, त्यांच्याकडे मी करून घेतलं. पुण्यात, कारण मुलगी तिथं असते आणि त्यानंतर आठ दिवस तिच्याकडे राहता आलं.

पैशांचं. मी तीन ठिकाणी विचारलं. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक होता. पॅकेजमध्ये मॅपिंग (हृदयातल्या करंटचा नकाशा काढणं) आणि सगळे कॅथेटर (आत नेतात त्या तारा) धरलेत की वेगळे, हे लेखी घ्या, कारण खर्चाचा मोठा भाग तोच असतो. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. महाराष्ट्र शासनानंही महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आहे. पण योजनेत नाव असणं वेगळं आणि तुमची प्रोसिजर त्या हॉस्पिटलात त्या योजनेतून होणं वेगळं. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन योजनेच्या खिडकीवर आधी विचारा, भरती झाल्यावर नाही.

भाषेचंही बोलतो. संमतीपत्र आपल्याकडे कन्नड-इंग्रजीत असतं. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. इथल्या दवाखान्यात नर्सबाईंना म्हटलं, "स्वल्प निधानवागि ओदि हेळ्री," म्हणजे जरा सावकाश वाचून सांगा. त्यांनी एकेक ओळ वाचून दाखवली. मागितलं की माणसं सांगतात. न कळलेल्या कागदावर सही मात्र करू नका, मग तो कुठल्याही भाषेतला असो.

दाजींनी नाही म्हटलं

माझे दाजी निपाणीचे, ७९ वर्षांचे, जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. त्यांचा एएफ गेली सहा वर्षं कायमचा आहे. नाडी ७८, दम नाही, रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालतात. मुलानं आग्रह धरला, "मामाचं झालं, तुमचंही करू." दाजींनी माझ्या सांगण्यावरून मागच्या पानावरची यादी करायला घेतली आणि पान कोरं परत दिलं. "माझं काय नेलं नाही गा यानं," म्हणाले. डॉक्टरही तेच म्हणाले: ठोके आटोक्यात, त्रास नाही, कप्पा बराच फुगलेला, करून फार हाती लागणार नाही. ते एक ठोक्याची गोळी आणि दोन वेळा अपिक्साबान ही रक्त पातळ करायची गोळी घेतात. त्यांचा निर्णय माझ्याइतकाच पक्का आहे.

माझं फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं. दुसऱ्या दिवशी चालवलं, तिसऱ्या दिवशी सोडलं. पाचव्या आठवड्यात पुन्हा तीच थरथर, सहा तास. आम्ही दोघं नवरा-बायको फार घाबरलो. फोन केला तर डॉक्टर म्हणाले, व्रण भरताना पहिल्या दोन-तीन महिन्यांत असं होतं, त्यावरून फेल गेलं असं धरत नाहीत. हे आधी माहीत असतं तर ती रात्र बरी गेली असती, म्हणून तुम्हाला आधीच सांगतोय. त्यानंतर आजवर दोनच छोटे झटके आले, दोन्ही तासाभराच्या आतले.

वही अजून चालू आहे. शर्टाच्या खिशात एक कार्ड असतं: एएफ, ॲब्लेशनची तारीख, रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव आणि डोस, साखर आणि बीपीची औषधं, बायकोचा नंबर, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण रस्त्यात पडलो तर उचलणारा कुठल्या भाषेतला असेल सांगता येत नाही. त्याच्या मागं लिहिलंय: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं दिसलं तर १०८, आणि सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. हे कार्ड ॲब्लेशन केलेल्यानंही ठेवायचं आणि दाजींसारख्या न केलेल्यानंही. दाजींचं मीच लिहून दिलंय.